७ चा एक लाखावा घात: शेवटच्या अंकापर्यंत अचूक कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ७ सारख्या लहान पूर्ण संख्येचा एक लाखावा घात हवा आहे, तोही एकही अंक न गाळता. सायंटिफिक कॅल्क्युलेटर एरर देतो, एक्सेल देतं, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा 'मर्यादा ओलांडली' म्हणते. स्वतः प्रोग्राम लिहिला तर उत्तर येतं, पण ते बरोबर आहे हे कशावरून म्हणायचं? खाली मुख्य उदाहरण ७^१००००० हेच घेतलं आहे. ^ ही खूण घातासाठी आहे.

पूर्ण उत्तराच्या मागे लागण्याआधी त्याची दोन्ही टोकं काढून ठेवा. यासाठी संगणकही लागत नाही आणि पुढे उत्तर तपासायला हीच टोकं कामी येतात.

पुढचं टोक

घातांकाला (इथे १०००००) पायाच्या (इथे ७ च्या) १० आधाराच्या लॉगने गुणा. पूर्णांक भागात १ मिळवला की एकूण अंक किती ते कळतं, आणि अपूर्णांक भागाचा अँटिलॉग घेतला की सुरुवातीचे अंक मिळतात. लॉग ७ = ०.८४५०९८०४००१४२५६८३. एक लाखाने गुणल्यावर ८४५०९.८०४००१४२५६८३. म्हणजे उत्तर ८४५१० अंकी. ०.८०४००१४२५६८३ चा अँटिलॉग ६.३६७९७६११..., म्हणजे संख्या ६३६७९७६११ अशी सुरू होते.

इथे लॉग किती अंकांपर्यंत घेतला याला फार महत्त्व आहे. शाळेतल्या चार अंकी लॉग टेबलात लॉग ७ ची किंमत ०.८४५१ आहे. तीच लाखाने गुणली तर बरोबर ८४५१० येतात, म्हणजे उत्तर ८४५११ अंकी आणि १ ने सुरू होणारं! अंकांची संख्या एकने चुकली आणि सुरुवातीचा अंक पार चुकला. गुणाकारात जितके अंक दशांशचिन्हाच्या डावीकडे जातात तितकी अचूकता लॉगमधून खर्च होते. संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत साधारण १६ अंक असतात. घातांक लाखाचा असेल तर त्यातले ५ जातात आणि १०-११ विश्वासाचे उरतात. घातांक १०^१२ असेल तर जेमतेम तीन-चार उरतात. तिथे जास्त अंकांचा लॉग घ्यावाच लागतो.

मागचं टोक

शेवटचे चार अंक हवे असतील तर प्रत्येक गुणाकारानंतर फक्त शेवटचे चार अंक ठेवा, बाकीचे खुशाल टाकून द्या. डावीकडच्या अंकांचा उजवीकडच्या अंकांवर गुणाकारात काहीच परिणाम होत नाही. २^१००० वर करून पाहू:

२^१० → १०२४
२^२० → १०२४ चा वर्ग १०४८५७६ → ८५७६
२^४० → ८५७६ चा वर्ग ७३५४७७७६ → ७७७६
२^८० → ७७७६ चा वर्ग ६०४६६१७६ → ६१७६
२^१०० → ६१७६ × ८५७६ = ५२९६५३७६ → ५३७६
२^२०० → १३७६, २^४०० → ३३७६, २^८०० → ७३७६
२^१००० → ७३७६ × १३७६ = १०१४९३७६ → ९३७६

२^१००० ही ३०२ अंकी संख्या खरोखरच ९३७६ ने संपते. आणखी एक गंमत पाहा: ९३७६ चा वर्ग ८७९०९३७६, म्हणजे पुन्हा शेवटी ९३७६. म्हणून २^२०००, २^३००० अशा सगळ्या घातांच्या शेवटी हेच चार अंक येतात.

७ च्या बाबतीत तर त्याहून सोपी वाट आहे. ७^४ = २४०१, म्हणून ७^१००००० = (१ + २४००)^२५०००. द्विपद विस्तारातलं पहिलं पद १. दुसरं २५००० × २४०० = ६०००००००. तिसऱ्यापासून पुढचं प्रत्येक पद १०^९ ने निःशेष भागलं जातं. तेव्हा शेवटचे नऊ अंक ०६००००००१.

हेच काम एक्सेलमध्ये बाकी काढणाऱ्या सूत्राने करणार असाल तर एक मर्यादा पाळा. ज्या संख्येने भागून बाकी काढता ती साधारण ९ कोटी ४९ लाखांच्या आत असली पाहिजे, कारण दोन बाक्यांचा गुणाकार २^५३ च्या वर गेला की एक्सेल शेवटचे अंक गुपचूप गमावतं. म्हणजे एका वेळी शेवटचे सात अंक काढायचे, आठ नाही. ६४ बिटांच्या पूर्णांकात (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक द्विमान अंक) नऊ अंक निर्धास्त निघतात.

नेहमीची साधनं कुठे तुटतात

साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर १०^१०० च्या आत चालतो. २ चा ३३२ वा घात दाखवेल, ३३३ व्याला एरर. आणि जे दाखवतो त्यातलेही पहिले दहाएक अंकच खरे. एक्सेल २^१०२३ पर्यंत जातं, पण अचूक अंक फक्त १५ देतं. ७^१७ = २३२६३०५१३९८७२०७ हे १५ अंकी, म्हणून बरोबर दिसतं. ७^१८ खरं १६२८४१३५९७९१०४४९ आहे आणि एक्सेल दाखवतं १६२८४१३५९७९१०४५०. सातचा कुठलाही घात शून्याने संपू शकत नाही, पण सेलमध्ये शून्य दिसतं आणि कुठलीही सूचना मिळत नाही. सेलची रुंदी वाढवून, फॉरमॅट बदलून हे सुधारत नाही, कारण एक्सेल १५ च्या पुढचे अंक दाखवतच नाही.

सी किंवा जावामधल्या ६४ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ७^२२ = ३९०९८२१०४८५८२९८८०४९ शेवटचं मावतं. ७^२३ खरं २७३६८७४७३४००८०९१६३४३ आहे. ते मावत नाही. जावामध्ये त्यातून २^६४ वजा होऊन ८९२२००३२६६३७१३६४७२७ उरतं, आणि सीमध्येही बहुतेक वेळा हेच हाती येतं. ऋण चिन्ह आलं असतं तर निदान शंका आली असती. ही संख्या धन आहे, आधीच्यापेक्षा मोठी आहे आणि दिसायला अगदी सभ्य आहे. पण ७ च्या घातांचे शेवटचे अंक ७, ९, ३, १ अशा फेऱ्याने येतात. २३ ला ४ ने भागून बाकी ३, म्हणजे शेवटी ३ हवा आणि इथे ७ आहे. शिवाय २३ × ०.८४५ = १९.४, म्हणजे २० अंक हवेत, इथे १९ आहेत. दोन्ही तपासण्या तोंडी होतात आणि दोन्ही चूक पकडतात.

एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते. सी, जावा आणि पायथॉनमध्ये ^ म्हणजे घात नव्हे, ती बिटांवरची वेगळीच क्रिया आहे. तिथे ७^२ लिहिलं तर उत्तर ५ येतं. पायथॉनमध्ये घातासाठी दोन फुल्या लिहायच्या. आणि ७ च्या जागी ७.० लिहू नका, नाहीतर तो दशांश संख्येचा हिशेब होतो आणि २^१०२४ च्या पुढे गेला की एरर देऊन थांबतो.

सगळे अंक हवे असतील तर: साधी रीत

आपण कागदावर गुणाकार करतो तशीच, फक्त एका कप्प्यात एक अंक न ठेवता नऊ अंक ठेवायचे. म्हणजे प्रत्येक कप्प्यात ० ते ९९९९९९९९९. एककाकडचा कप्पा यादीत सर्वांत आधी ठेवा, म्हणजे हातचा पुढे सरकवणं सोपं जातं.

आता लाख वेळा ७ ने गुणायची गरज नाही. ७^१० = २८२४७५२४९, तोही एका कप्प्यात मावतो. ७^११ मावत नाही. म्हणून एकदम ७^१० ने गुणायचं, १०००० वेळा. कृती अशी:

१. यादीत एकच कप्पा, त्यात १.
२. हातचा शून्य करा. पहिल्या कप्प्यापासून सुरुवात करून प्रत्येक कप्प्याला २८२४७५२४९ ने गुणा, हातचा मिळवा. येणाऱ्या संख्येला १०^९ ने भागा. बाकी त्याच कप्प्यात ठेवा, भागाकार हा पुढचा हातचा.
३. शेवटच्या कप्प्यानंतर हातचा उरला तर त्याचा नवा कप्पा जोडा.
४. पायरी २ आणि ३ एकूण १०००० वेळा.
५. छापताना सर्वांत वरचा कप्पा आहे तसा, बाकी प्रत्येक कप्पा डावीकडे शून्यं भरून पूर्ण नऊ अंकी.

पहिल्या तीन फेऱ्या हाताने पडताळून पाहा. पहिल्या फेरीनंतर एकच कप्पा, २८२४७५२४९. दुसरीनंतर ७९७९२२६६ आणि २९७६१२००१ (वरचा कप्पा आधी लिहिला आहे). तिसरीनंतर २२५३९३४०, २९०६९२२५८ आणि ०८७८६३२४९.

तिसऱ्या फेरीतला शेवटचा कप्पा नीट पाहा. स्मरणात तो ८७८६३२४९ असा आठ अंकीच असतो. पाचव्या पायरीतली शून्यं भरायची विसरली तर ७^३० हे २६ अंकी न छापता २५ अंकी छापलं जातं. असे प्रोग्राम चुकतात तेव्हा चूक बऱ्याचदा इथेच असते, गुणाकारात नसते. आणि ही चूक मोठी फसवी आहे, कारण स्मरणातली संख्या बरोबर असते, फक्त कागदावर आलेली चुकीची.

दुसरी जागा म्हणजे ६४ बिटांची मर्यादा. एका कप्प्याचा दुसऱ्याशी गुणाकार, अधिक त्या जागी आधीपासून असलेली संख्या, अधिक हातचा, हे सगळं मिळून जास्तीत जास्त १०^१८ − १ होतं. म्हणून प्रत्येक पायरीला हातचा काढून घेतला तर धोका नाही. काहीजण वेगासाठी बरेच गुणाकार आधी साठवतात आणि हातचा एकदमच काढतात. चिन्हासहित पूर्णांकात असे ९ आणि चिन्हरहित पूर्णांकात १८ गुणाकारच मावतात. लहान उदाहरणांत प्रोग्राम बरोबर चालतो आणि संख्या ८०-९० अंकांच्या किंवा दीडशे-पावणेदोनशे अंकांच्या पुढे गेली की बिघडतो, तेव्हा कारण बहुधा हेच निघतं.

वर्ग करत जाण्याची रीत, आणि तिचा खरा हिशेब

घात काढायचा म्हटला की सगळे एकच सल्ला देतात: वर्ग करत जा. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात, अमुक इतक्या अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती रचना होतात हे काढण्यासाठी, म्हणजेच २ चे घात काढण्यासाठी, ती चार छोट्या सूत्रांत दिली आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि २ लिहा. विषम असेल तर १ वजा करा आणि शून्य लिहा. मग उलट्या क्रमाने या: शून्य असेल तिथे दुप्पट, २ असेल तिथे वर्ग. सहा अक्षरांसाठी ६ → ३ (२), ३ → २ (०), २ → १ (२), १ → ० (०). उलट येताना १ ची दुप्पट २, वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४. म्हणजे २^६.

'दुप्पट' च्या जागी 'पायाने गुणा' घातलं की हीच रीत कुठल्याही पायाला चालते. ७^१००००० साठी घातांक असे चढतात:

१, ३, ६, १२, २४, ४८, ९७, १९५, ३९०, ७८१, १५६२, ३१२५, ६२५०, १२५००, २५०००, ५००००, १०००००

१६ वर्ग, आणि ३, ९७, १९५, ७८१, ३१२५ या पाच ठिकाणी ७ ने एकेक जादा गुणाकार. एकूण २१ क्रिया. ९९९९९ ऐवजी २१ म्हटल्यावर काम जवळपास पाच हजार पट कमी झालं असं वाटतं. तसं होत नाही, आणि या विषयात सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे.

शेवटचे अंकच ठेवायचे असतील तेव्हा प्रत्येक गुणाकार सारख्याच आकाराचा असतो, म्हणून क्रिया मोजणं योग्य. तिथे फायदा खरोखर हजारो पटींचा आहे. पण पूर्ण संख्या हवी असेल तेव्हा प्रत्येक वर्गाबरोबर संख्येची लांबी दुप्पट होते. अशा वेळी किती गुणाकार केले ते मोजून उपयोग नाही, कप्प्यांचे किती गुणाकार झाले ते मोजायला हवं.

मोजून पाहू. ८४५१० अंक म्हणजे बरोबर ९३९० कप्पे. साध्या रीतीत १०००० फेऱ्या, प्रत्येक फेरीत सरासरी ४६९५ कप्पे, म्हणजे सुमारे ४ कोटी ७० लाख गुणाकार. वर्गाच्या रीतीत शेवटचा वर्ग ७^५०००० चा, ४६९५ कप्प्यांचा. शाळेतल्या पद्धतीने त्याला ४६९५ × ४६९५, म्हणजे सुमारे २ कोटी २० लाख गुणाकार लागतात. त्याआधीचा वर्ग त्याच्या चौथाई, त्याआधीचा आणखी चौथाई. सगळे मिळून सुमारे २ कोटी ९० लाख. म्हणजे फायदा दीडपटीच्या थोडा वर, बस्स. वर्ग करताना समान जोड्या एकदाच गुणून दुप्पट केल्या तर तो तीन पटींच्या आसपास जातो. सी किंवा जावामध्ये लिहिल्या तर आजच्या साध्या संगणकावर दोन्ही रीती साधारण सेकंदाच्या आत संपतात. त्यामुळे गरज एवढ्याच आकाराची असेल तर साधी रीत लिहा. ती दहा-पंधरा ओळींची आहे आणि तिच्यात चुकायला जागा कमी.

वर्गाची रीत वापरायचीच असेल तर पिंगलाच्याच दिशेने, म्हणजे घातांकाच्या मोठ्या टोकाकडून वापरा. पुस्तकांत बहुधा उलटी आवृत्ती असते. तीत पायाचे वर्ग वेगळे साठवतात आणि लागतील तसे उत्तरात गुणतात. तिथे प्रत्येक जादा गुणाकार दोन प्रचंड संख्यांचा होतो. पिंगलाच्या दिशेने जादा गुणाकार नेहमी ७ नेच, आणि तो जवळजवळ फुकट. पाया लहान असताना हा फरक डोळ्यांत भरतो. उलट, गुणाकारांची संख्या एक-दोनने कमी करणाऱ्या साखळ्या शोधण्यात इथे अजिबात वेळ घालवू नका. सगळा खर्च शेवटच्या दोन-तीन वर्गांत असतो आणि ते टळत नाहीत.

वर्ग स्वस्त करायचा कसा

वर्गाच्या रीतीचं चीज होतं ते गुणाकारच वेगळ्या पद्धतीने केला तर. अनातोली करात्सुबा यांनी १९६० मध्ये दाखवलेली युक्ती २^६४ वर हाताने करून पाहता येते.

२^३२ = ४२९४९६७२९६. त्याचे दोन भाग करा: ४२९४९ आणि ६७२९६. पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१. दुसऱ्याचा ४५२८७५१६१६. मधल्या पदासाठी दोन्ही भागांच्या गुणाकाराची दुप्पट हवी. त्यासाठी वेगळा गुणाकार न करता बेरजेचा वर्ग करायचा: ४२९४९ + ६७२९६ = ११०२४५, त्याचा वर्ग १२१५३९६००२५. यातून आधीचे दोन्ही वर्ग वजा केले की ५७८०५९१८०८ उरतात, तेच मधलं पद. आता आपापल्या जागी ठेवून बेरीज:

१८४४६१६६०१०००००००००० + ५७८०५९१८०८००००० + ४५२८७५१६१६ = १८४४६७४४०७३७०९५५१६१६

एका मोठ्या वर्गाच्या जागी निम्म्या लांबीचे तीन वर्ग आले. मग त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन. शाळेच्या पद्धतीत लांबी दुप्पट झाली की काम चौपट होतं, इथे तिप्पट. शोनहागे आणि श्ट्रासेन यांची १९७१ ची पद्धत आणि तिच्यासारख्या इतर रूपांतर-पद्धतींत (संख्येला आधी वेगळ्या रूपात नेऊन मग गुणणाऱ्या) ते दुपटीहून थोडंसंच जास्त होतं. लहान आकाराला मात्र या पद्धती उलट महाग पडतात, म्हणून चांगली लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) आकार पाहून पद्धत बदलते. पायथॉनचा पूर्णांक करात्सुबापर्यंत जातो. जीएमपी या मोठ्या संख्यांच्या हिशेबाच्या लायब्ररीत रूपांतर-पद्धतीही आहे. जावाच्या बिगइंटिजरमध्ये (मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारात) आठव्या आवृत्तीपासून करात्सुबा आणि टूम-कुक (संख्येचे दोनाहून जास्त भाग करणारी तशीच पद्धत) आले. लाखो अंकांच्या पुढे स्वतःचा गुणाकार लिहीत बसू नका, जीएमपी वापरा.

पायथॉन अडतं ते छापताना

पायथॉन ७ चा लाखावा घात डोळ्यांचं पातं लवायच्या आत काढतं. एरर येते ती उत्तर अंकांत लिहिताना. २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत ४३०० अंकांहून मोठ्या पूर्णांकाचं दशमान मजकुरात रूपांतर मुद्दाम अडवलेलं आहे, कारण हे रूपांतर फार सावकाश होतं आणि कुणी मुद्दाम प्रचंड संख्या पाठवून सर्व्हर अडकवू शकतो. सिस मॉड्यूलमधली ही मर्यादा ० केली की ती उठते.

रूपांतर सावकाश का, हे समजून घेतलं की बऱ्याच गोष्टी सुटतात. आत संख्या द्विमान पद्धतीत असते. ७^१००००० तिथे सुमारे ३५ हजार बाइट व्यापतो. त्यातून दशमान अंक काढायला पुन्हा पुन्हा भागाकार करावे लागतात. पाया २ असेल तेव्हा तर सगळा खर्च रूपांतराचाच. २^१००००० म्हणजे द्विमानात १ वर लाख शून्यं, त्यात गुणाकार कसलाच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ द्विमानात नुसती १ ची रांग आहे, पण दशमानात तिचे ४१०२४३२० अंक काढायचे म्हटले की खरं काम सुरू होतं. मोठ्या संख्येचं रूपांतर करताना तिला १०^९ ने हजारो वेळा भागू नका. एकूण लांबीच्या साधारण निम्म्या शून्यांच्या १० च्या घाताने एकदाच भागा, भागाकार आणि बाकी यांवर पुन्हा तेच करा.

सम पायासाठी २ चे अवयव बाजूला काढा: घातांक न असेल तर ६^न म्हणजे ३^न काढून न बिट सरकवायचे, १२^न साठी २न बिट. पाया १० ने भागला जात असेल तर न शून्यं शेवटी जोडायची, गुणायची नाहीत.

दशमानातच हिशेब करायचा असेल तर पायथॉनचं डेसिमल मॉड्यूल उत्तम. ते आत दशमान कप्पेच वापरतं, म्हणून छापणं तत्काळ होतं आणि ४३०० ची मर्यादा तिथे नाही. पण त्याची मुळातली अचूकता २८ अंकांची आहे. ती न बदलता घात काढला तर फक्त पहिले २८ अंक आणि पुढे १० चा घात मिळतो, तेही तक्रार न करता. लॉगवरून आलेल्या ८४५१० मध्ये थोडे जादा मिळवून अचूकता तेवढी ठेवा आणि 'इनएक्झॅक्ट' हा इशारा चालू करा, म्हणजे एक अंक जरी गळला तरी काम थांबेल.

उत्तराचा ताळा

वरचा कप्पा ६३६७९७६११ आणि तळचा ६००००००१ हवा. मधल्या ९३८८ कप्प्यांसाठी ताळा पाहावा लागतो. नवांचा ताळा: ७^३ ला ९ ने भागून बाकी १, १००००० ला ३ ने भागून बाकी १, म्हणून सगळ्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून बाकी ७ आली पाहिजे. अकरांचा ताळा: ७^१० ची बाकी १, म्हणून उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करत केलेल्या बेरजेची बाकी १.

यावर पूर्ण विसंबू नका. मघाशी ७^३० मध्ये गळलेलं शून्य आठवा. शून्य गळल्याने अंकांची बेरीज बदलत नाही, म्हणून नवांचा ताळा जुळतोच. आणि त्या उदाहरणात गळलेल्या शून्याच्या डावीकडचा २२५३९३४०२९०६९२२५८ हा भाग नेमका ११ ने भागला जातो, म्हणून अकरांचा ताळाही जुळतो! चूक पकडली जाते ती फक्त २६ च्या जागी २५ अंक मोजल्यावर. तेव्हा सर्वांत आधी लांबी मोजा. नंतर १००००००००७ सारखी एखादी मोठी मूळ संख्या घ्या, तिने भागून घाताची बाकी स्वतंत्रपणे काढा आणि छापलेल्या मजकुरावरून काढलेल्या बाकीशी पडताळा. मजकुरावरूनच काढा, स्मरणातल्या कप्प्यांवरून नको, कारण छापण्यातली चूकही त्यात सापडली पाहिजे.

घातावर घात असेल तर आधी क्रम पाहा. गणितात आणि पायथॉनमध्ये ७^७^७ म्हणजे ७ चा ८२३५४३ वा घात, ६९५९७५ अंकी. एक्सेल डावीकडून उजवीकडे जातं, म्हणून तिथे तोच मजकूर ७^४९ होतो, फक्त ४२ अंकी. ९^९^९ हे ३६९६९३१०० अंकी आहे. नुसती मजकुराची फाइल ३७० एमबीच्या आसपास. इथे साध्या रीतीला ९^९ ने ४ कोटी ३० लाख फेऱ्या लागतात, प्रत्येक सरासरी २ कोटी कप्प्यांची. सेकंदाला शंभर कोटी गुणाकार धरले तरी दहा दिवस, आणि शाळेच्या गुणाकाराने वर्ग करत गेलात तरी सहा-सात दिवस. जीएमपीच्या रूपांतर-पद्धतीने हेच काम मिनिटांत होतं, आणि त्यातला मोठा वाटा दशमानात लिहिण्याचाच असतो.